यंत्राचे नाव निघते, आठवतात माणसे

हेलिकॉप्टर चालवण्यात उमेदीची वर्षे घालवलेले निवृत्त वैमानिक एकत्र आले, की जुन्या यंत्रांच्या गोष्टी रंगू लागतात. त्या गोष्टी नीट ऐकल्या तर लक्षात येते, की प्रत्येक यंत्राच्या आडून कुणीतरी सोबती डोकावतो आहे. कुणी परत आलेला, तर कुणी कधीच न परतलेला.

१७ डिसेंबर २०१७. बेंगळुरूजवळच्या येलहंका येथील वायुदलाच्या तळावर त्या दिवशी निरोप समारंभ होता. निवृत्त होणारा कुणी अधिकारी नव्हता. निवृत्त होत होते एक हेलिकॉप्टर. एमआय-८ हे सोव्हिएत बनावटीचे हेलिकॉप्टर ४५ वर्षांची चाकरी संपवून भारतीय वायुदलाचा निरोप घेत होते. ज्यांनी ते चालवले, ज्यांनी त्याची देखभाल केली, अशी कितीतरी निवृत्त माणसे त्यासाठी मुद्दाम आली होती.

एका लोखंडी यंत्राला निरोप द्यायला माणसे इतक्या लांबून का येतात, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडू शकतो. पण ज्या शेतकऱ्याने आपला म्हातारा बैल दावणीवरून सोडला आहे, त्याला हा प्रश्न पडणार नाही. वर्षानुवर्षे ज्याच्याबरोबर ऊन, पाऊस आणि चिखल सोसला, त्याच्या पाठीवरून शेवटचा हात फिरवताना माणसाला आपलीच सगळी वर्षे आठवतात. त्या वर्षांत बरोबर असलेली माणसेही आठवतात.

जुन्या वैमानिकांच्या गप्पांचे नेमके हेच होते. गप्पा सुरू होतात इंजिनापासून. अमुक हेलिकॉप्टर थंडीत किती रुसायचे, तमुक हेलिकॉप्टरच्या दारातून किती वारा यायचा. थोड्याच वेळात यंत्र बाजूला राहते आणि नावे निघू लागतात. त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर कोण होते, पहाटे चार वाजता गोठलेल्या बोटांनी इंजिन कोणी तपासले होते आणि त्या दिवशी कोण परत आले नाही, याच्याच मग आठवणी निघतात.

हातपाय आणि कान

हेलिकॉप्टर आणि विमान यांत एक मोठा फरक आहे. साधे विमान एकदा समतोल केले, की थोडा वेळ आपोआप सरळ उडत राहते. जुन्या हेलिकॉप्टरला मात्र क्षणभरही मोकळे सोडता येत नसे. वैमानिकाच्या डाव्या हातात एक दांडा असतो. तो वर ओढला की वरच्या पंख्याच्या सगळ्या पात्यांचा कोन वाढतो आणि हेलिकॉप्टर वर उचलले जाते. उजव्या हातातल्या दांड्याने ते पुढे, मागे किंवा बाजूला झुकवता येते. दोन्ही पायांखालच्या पट्ट्यांनी शेपटीकडचा छोटा पंखा आवरावा लागतो, नाहीतर संपूर्ण हेलिकॉप्टर स्वतःभोवतीच गरगर फिरू लागेल. एका अवयवाची हालचाल झाली, की बाकीच्या तिघांनाही ती सावरून घ्यावी लागते.

याशिवाय कान सतत जागे ठेवावे लागतात. यंत्राचा सूर बदलला, बसल्या जागी वेगळी थरथर जाणवली, तर तक्त्यावरचा काटा हलण्यापूर्वीच अनुभवी वैमानिकाला संशय येतो. आईला शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलाच्या श्वासावरून त्याची तब्येत कळते, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षांनीही आकाशातून जाणारे हेलिकॉप्टर न पाहता, नुसत्या आवाजावरून ते कोणते आहे हे ही मंडळी ओळखतात.

इंजिन बंद पडले तर हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. इंजिन थांबताच वैमानिकाने डावा दांडा तत्काळ खाली केला, तर खाली येताना खालून घुसणाऱ्या हवेने वरचा पंखा फिरत राहतो. झाडावरून पंखवाले बी गरगरत खाली यावे, तसे हेलिकॉप्टर खाली येते. जमीन अगदी जवळ आली की दांडा वर ओढून धक्का सोसायचा. ही संधी एकदाच मिळते. तो क्षण थोडा आधी साधला तर घात, थोडा उशिरा साधला तरी घात.

या कौशल्याचे सर्वात नामांकित उदाहरण २१ जून १९७२ चे आहे. फ्रान्सचे चाचणी वैमानिक जाँ बुले यांनी लामा नावाचे हलके हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही बरेच वर नेले. तेथे इंजिन बंद पडले. बुले यांनी इंजिनाविना ते थेट जमिनीपर्यंत सुखरूप उतरवले. हेच लामा भारतात ‘चीता’ या नावाने तयार झाले. त्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

मेघनेवरचा पूल

भारतीय वायुदलात पहिले हेलिकॉप्टर १९५४ साली आले. ते होते अमेरिकन सिकोर्स्की एस-५५. पुढे साठच्या दशकात सोव्हिएत बनावटीचे एमआय-४ मोठ्या संख्येने दाखल झाले. आज ज्यांचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत, त्या पिढीचे हे लाडके यंत्र.

दिसायला ते बेढबच होते. पुढचे नाक फुगलेले, कारण त्यात चौदा सिलिंडरचे भलेमोठे इंजिन बसवलेले. वैमानिकांची जागा त्या इंजिनाच्या वर. म्हणजे पायाखाली उष्णता आणि कानांत गडगडाट. मागच्या बाजूला शिंपल्यासारखी उघडणारी दोन दारे होती. त्यातून जीपसुद्धा आत घेता येई. ईशान्येच्या टेकड्यांमधल्या चौक्यांना तांदूळ, रॉकेल, औषधे आणि टपाल पोहोचवण्याचे काम या एमआय-४ ने वर्षानुवर्षे केले.

पण या हेलिकॉप्टरचे नाव इतिहासात राहिले ते डिसेंबर १९७१ मुळे. बांगलादेश मुक्तीच्या युद्धात लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांचे सैन्य ढाक्याच्या दिशेने निघाले होते. वाटेत मेघना नदी आडवी होती. ही नदी म्हणजे लहानसा समुद्रच. आशुगंज येथे तिच्यावर रेल्वेचा पूल होता. माघार घेताना पाकिस्तानी सैन्याने तो ९ डिसेंबरला उडवून दिला. आता भारतीय सैन्य नदीच्या अलीकडे अडकून पडणार, असा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब एमआय-४ ने चुकवला. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या देखरेखीखाली हेलिकॉप्टरांनी जवानांना उचलून पलीकडच्या काठावर उतरवायला सुरुवात केली. दिवस मावळला तरी फेऱ्या थांबल्या नाहीत. रात्री मोकळ्या शेतात उतरण्याच्या जागा दाखवायला हातातल्या विजेऱ्यांशिवाय दुसरे काही नव्हते. त्या मिणमिणत्या ठिपक्यांवर भरवसा ठेवून वैमानिक अंधारात खाली येत, जवान उड्या मारत आणि हेलिकॉप्टर पुढची खेप आणायला परत फिरे. पूल नसलेल्या नदीवर असा हवेतला पूल बांधला गेला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

सगत सिंग स्वतः पुढे जाऊन पाहणी करत. अशाच एका फेरीत त्यांच्या हेलिकॉप्टरवर खालून गोळीबार झाला. वैमानिक जखमी झाला. एक गोळी खुद्द जनरलसाहेबांच्या कपाळाला चाटून गेली. त्याच क्षणी सहवैमानिकाने ताबा घेतला आणि चाळण झालेले हेलिकॉप्टर परत आणले. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला वैमानिक इतके महत्त्व का देतात, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे.

याच युद्धात एका छोट्या हेलिकॉप्टरनेही मोठे काम केले. नागालँडमधल्या दिमापूर येथे सप्टेंबर १९७१ मध्ये ‘किलो फ्लाइट’ ही छोटी तुकडी उभी राहिली. पुढे बांगलादेशाचे हवाई दल घडले, त्याची ती सुरुवात होती. एक डकोटा, एक ऑटर आणि एक अ‍ॅलुएट हेलिकॉप्टर एवढाच तिचा ताफा. त्या अ‍ॅलुएटवर रॉकेट बसवले गेले आणि ३ डिसेंबरच्या रात्री सुलतान महमूद आणि बद्रुल आलम या वैमानिकांनी नारायणगंजजवळच्या इंधनसाठ्यावर हल्ला चढवला. त्यांना तयार करण्यात भारतीय प्रशिक्षकांचा वाटा होता.

वीस-पंचवीस किलोंसाठी

हे अ‍ॅलुएट आपल्याकडे ‘चेतक’ नावाने ओळखले जाते. फ्रेंच भाषेत अ‍ॅलुएट म्हणजे चंडोल पक्षी. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देऊन आपण त्या चंडोलाचा घोडा केला. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९६२ साली त्याचा परवाना घेतला आणि १९६५ पासून ते येथेच तयार होऊ लागले. पुढे हिमालयातल्या उंचीसाठी याहून हलके पण तितक्याच ताकदीचे यंत्र भारताला हवे होते. त्या मागणीतून लामा जन्माला आले. मार्च १९६९ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. तेच आपले चीता.

सियाचेनचे नाव निघाले, की चीताशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. या हिमनदीवर वायुदलाचे पहिले चेतक ऑक्टोबर १९७८ मध्ये उतरले. पुढे १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले. त्या पहाटे बिलाफोंड ला या खिंडीजवळ उतरलेल्या पहिल्या तुकडीचे नेतृत्व कुमाऊँ रेजिमेंटचे कॅप्टन संजय कुलकर्णी करत होते. चीता हेलिकॉप्टरांनी दुपारपर्यंत १७ फेऱ्या करून २९ जवानांना तेथे पोहोचवले. म्हणजे एका फेरीत दोन माणसेसुद्धा पूर्ण होत नव्हती.

असे का? वीस हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने निम्मीच दाट असते. माणसाला श्वास पुरत नाही, तसाच इंजिनालाही पुरत नाही आणि पंख्याला रेटायला हवाच सापडत नाही. सर्वात उंच चौक्यांवर जाताना चीता एका फेरीत जेमतेम वीस-पंचवीस किलो सामान नेऊ शकते. रॉकेलचा एक कॅन, फार तर भाजीची एक पिशवी. तेवढ्यासाठी दोन वैमानिक प्राणवायूचे मुखवटे लावून, पहाटेच्या शांत हवेत, बर्फाच्या कड्यांना लगटून जातात. ऊन वाढले की वारे सुटतात, म्हणून सगळे काम सकाळीच उरकायचे. हेलिकॉप्टर शक्यतो जोडीने निघतात. एकाला काही झाले, तर तो कुठे पडला हे सांगायला दुसरा असावा म्हणून.

वरच्या चौकीवरची उतरण्याची जागा म्हणजे बर्फात केलेला एक ओटा. तेथे इंजिन बंद करायचे नसते, कारण त्या थंडीत ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. पंखा फिरत असतानाच सामान खाली टाकायचे आणि कुणी आजारी असेल तर त्याला आत घ्यायचे. उंचीच्या आजाराने ज्याच्या फुप्फुसात पाणी भरले आहे, त्या जवानासाठी खाली येणे हेच खरे औषध असते. त्याच्या कानी पडणारी चीताची घरघर म्हणजे प्राण परत आल्याची वर्दी.

या जवानांना वैमानिकाचे नाव बहुधा ठाऊक नसते. वैमानिकालाही त्यांची नावे माहीत नसतात. बर्फाचा चष्मा, कानटोपी आणि वाढलेली दाढी यांमागचे डोळे तेवढे लक्षात राहतात. पुष्कळ वर्षांनी, एखाद्या रेल्वे स्थानकावर किंवा लग्नाच्या मांडवात बोलता बोलता कळते, की आपण दोघे एकाच वर्षी एकाच चौकीच्या वर-खाली होतो. मग जेवणाची पाने वाढलेली असली तरी गप्पा संपत नाहीत.

ज्यांना उतरवले, त्यांचे ओझे

हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या मनावर एक वेगळे ओझे असते. लढाऊ विमानाचा वैमानिक एकटा जातो, एकटा येतो. हेलिकॉप्टरचा वैमानिक माणसे नेतो. त्यांना कुठेतरी उतरवून स्वतः परत फिरतो. त्या माणसांना पुन्हा घरी आणेपर्यंत त्याच्या मनातले काम अर्धेच झालेले असते.

११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत जाफना विद्यापीठाच्या मैदानावर एमआय-८ हेलिकॉप्टरांनी पॅरा कमांडो आणि शीख लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी उतरवली. खालून जोरदार मारा सुरू झाला. हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या आणि पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. शीख लाइट इन्फन्ट्रीच्या त्या तुकडीला पाठबळ मिळू शकले नाही. तिच्यातले जवळजवळ सगळे जवान लढता लढता कामी आले. हेलिकॉप्टरचा इतिहास सांगताना विजयाच्या गोष्टींबरोबर ही रात्रही सांगावी लागते. एमआय-८ ला निरोप देणाऱ्या पिढीच्या मनात ४५ वर्षांच्या हिशेबात हीसुद्धा नोंद होती.

न परतलेले

जुने वैमानिक बोलता बोलता अचानक गप्प होतात. मग कुणीतरी चहाचा विषय काढतो. त्या शांततेत जी नावे असतात, त्यांतली काही सगळ्या देशाची आहेत.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने नामका चू खोऱ्यात हल्ला केला. त्या पहाटे स्क्वाड्रन लीडर विनोद सेहगल आपले छोटे बेल हेलिकॉप्टर घेऊन त्सांगधारला उतरले. तेथे काय घडले आहे याची मागे कुणालाच कल्पना नव्हती. ते परत आले नाहीत. त्यांच्या शोधासाठी स्क्वाड्रन लीडर विल्यम्स गेले, तेव्हा त्यांच्याही हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. न परतलेल्या सोबत्याच्या मागे दुसऱ्याने जायचे, ही रीत तेव्हापासूनची.

२८ मे १९९९ ला कारगिलच्या युद्धात तोलोलिंगच्या शिखराजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राला बळी पडले. आत चौघे होते. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू. या यादीत दोन अधिकारी आहेत आणि दोन सार्जंट आहेत. हेलिकॉप्टरमध्ये हुद्द्याप्रमाणे वेगवेगळी माणसे बसतात, पण संकट सगळ्यांना सारखेच गाठते. म्हणून निवृत्तीनंतरच्या भेटीत ग्रुप कॅप्टन आपल्या जुन्या सार्जंटच्या खांद्यावर हात टाकून बसलेले दिसतात, याचे नवल वाटायला नको.

युद्ध नसतानाही ही यादी वाढते. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात महापूर आला. केदारनाथच्या यात्रेकरूंना हजारोंच्या संख्येने हेलिकॉप्टरांनी बाहेर काढले. २५ जूनला याच कामावरचे एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ डोंगरात कोसळले. त्यातले वीसच्या वीस जण गेले. त्यात वायुदलाच्या कर्मचाऱ्यांबरोबर मदतकार्यासाठी आलेले इतर दलांचे जवानही होते. वाचलेल्या यात्रेकरूंपैकी कितीतरी जणांना आपल्याला कोणी उचलून आणले, हे कधीच कळले नसेल.

दोरीच्या टोकाला

पण जुन्या मंडळींची बैठक रडगाण्यावर मोडत नाही. कुणीतरी लगेच परवाणूची गोष्ट काढतो. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या परवाणू येथे टिंबर ट्रेल रोपवेची दोरी तुटली आणि प्रवाशांनी भरलेला पाळणा दरीवर लटकत राहिला. ग्रुप कॅप्टन फली होमी मेजर यांनी एमआय-१७ नेमके त्या पाळण्याच्या वर स्थिर धरले आणि पॅरा रेजिमेंटचे मेजर इव्हान क्रॅस्टो दोरीच्या टोकाला लोंबकळत पाळण्यावर उतरले. पंख्याच्या वाऱ्याने पाळणा हेलकावे खात होता. अंधार पडला तेव्हा काही प्रवासी आतच होते. क्रॅस्टो त्यांना सोडून आले नाहीत. ती रात्र त्यांनी प्रवाशांबरोबर पाळण्यातच काढली. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना वर घेतले गेले. अडकलेले दहा जण वाचले.

हेच फली मेजर २००७ साली वायुदलप्रमुख झाले. हेलिकॉप्टरचा वैमानिक या पदावर पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याआधी लढाऊ विमाने चालवणाऱ्यांच्या झगमगाटात हेलिकॉप्टरवाल्यांकडे कुणाचे फारसे लक्ष जात नसे. त्या नेमणुकीने कितीतरी निवृत्त वैमानिकांची छाती फुगली असेल.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला, तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरने दिवस भरलेल्या एका गरोदर बाईला दोरीने वर उचलून घेतले. काही तासांत ती बाळंत झाली, मुलगा झाला. पाणी ओसरल्यावर एका घराच्या गच्चीवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत आभाराचा शब्द लिहिलेला दिसला. ज्याला तो वाचायचा होता तो आकाशातूनच येणार, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

घरातले कान

या सगळ्या गोष्टींना आणखी एक बाजू आहे. तेजपूर, जोरहाट, लेह, पठाणकोट अशा तळांवरच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या पत्नी ती सांगतात. सकाळी किती हेलिकॉप्टर गेली हे त्या न कळत मोजत. दुपारी किती परतली, तेही मोजत. आकडा जुळला, की कुकरची शिटी, मुलांचा अभ्यास, शेजारणीकडची वाटी, सगळे नेहमीसारखे सुरू राही. आकडा जुळला नाही तर दारे उघडी ठेवून सगळ्याजणी बाहेर उभ्या. वैमानिकाचे कान इंजिनाकडे, तसे घरच्यांचे कान आकाशाकडे.

२०१५ च्या सुमारास लष्करी वैमानिकांच्या पत्नींनी एकत्र येऊन एक धाडसाचे काम केले. चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरे आता फार जुनी झाली आहेत, त्यांच्या जागी नवी आणा, अशी मागणी घेऊन त्या तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापर्यंत पोहोचल्या. ज्या यंत्रांच्या आठवणीने निवृत्तांचे डोळे पाणावतात, तीच यंत्रे त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या वैमानिकांना उडवावी लागत होती. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नव्या हलक्या हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण सप्टेंबर २०१६ मध्ये झाले. तरीही एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चेतक आणि चीता उडतच राहिली.

जुन्या यंत्राचे कौतुक करणे आणि ते वेळेवर निवृत्त व्हावे असे म्हणणे, यात विरोध नाही. थकलेल्या बैलाला पुन्हा नांगराला जुंपणाऱ्याला गावात कुणी प्रेमळ म्हणत नाही. यंत्रावर ज्यांचा सर्वाधिक जीव आहे, त्यांनाच त्याचे वय सर्वात आधी कळते.

विचारणारा हवा

नाशिकरोड येथे लष्कराच्या हवाई दलाचे प्रशिक्षण विद्यालय आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या या विद्यालयात चेतक आणि चीतावर धडे गिरवून तरुण अधिकाऱ्यांच्या कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या. छातीवर पंखांचे चिन्ह लागते तेव्हा आईवडील प्रेक्षकांत असतात, फोटो निघतात. त्या तरुणांना इंजिन बंद पडल्यावर काय करायचे हे शिकवले जाते. ते शिक्षण आकाशातून पडलेले नाही. आधीच्या कुणीतरी चूक केली, कुणीतरी ती निस्तरली, कुणी जीव गमावला, तेव्हा कुठे त्या वहीतली एकेक ओळ लिहिली गेली.

बऱ्याच गोष्टी मात्र कोणत्याही वहीत नाहीत. मेघनेच्या रात्री विशीत असलेले वैमानिक आता सत्तरीच्या पुढे पोहोचले आहेत. पदकांच्या नोंदी सरकारदरबारी आहेत. परंतु अंधारात विजेरीचा ठिपका दिसला तेव्हा शेजारचा सोबती काय पुटपुटला, गोठलेल्या इंजिनावर पांघरूण घालणारा तंत्रज्ञ कोणत्या गावचा होता, हे फक्त त्यांच्याच स्मरणात आहे. अशी माणसे आपणहून सांगत नाहीत. आपण विशेष काही केले असे त्यांना वाटतच नाही.

म्हणून कुणीतरी विचारायला हवे. आपल्या इमारतीत, आपल्या नात्यात असा एखादा निवृत्त वैमानिक, तंत्रज्ञ किंवा सार्जंट असेलच. सकाळी फिरायला जाणारे, दूधवाल्याशी हिशेब घालणारे साधे आजोबा. त्यांना पराक्रम सांगा म्हटले तर ते हसून विषय बदलतील. त्यापेक्षा नातवाने वही घेऊन जवळ बसावे आणि साधा प्रश्न विचारावा, की आजोबा, तुम्ही पहिल्यांदा कोणते हेलिकॉप्टर उडवले?

उत्तराची सुरुवात यंत्राच्या नावाने होईल. नातवाने घाई करू नये, थोडा वेळ थांबावे. पुढचे नाव माणसाचे असेल. ते नाव वहीत नीट लिहून ठेवावे.